तेवीस किल्ल्या आणि एक जादा

मित्रांनो, मी एक जुना किल्ल्यांचा जुडगा आहे. माझ्या तेवीस किल्ल्यांपैकी एकही आता कुठलंच कुलूप उघडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणाची ट्रंक भंगारात गेली, कुणाची सायकल चोरीला गेली, एक कपाट तर वाळवीनेच उघडून टाकलं. उरलेल्या आम्ही पोरक्या एका बिस्किटांच्या डब्यात पडून होतो.

नशीब उघडलं ते विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या निवासात. तिथल्या रात्रपाळीच्या प्रमुख ताईंनी आम्हाला जाड तारेत ओवलं आणि गोदामवाल्या आजोबांच्या हाती दिलं. आजोबांनी चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेलं. ते मुलाचं नाव विसरले, जेवल्याचं विसरले. पण कुलूप लावल्याशिवाय झोपायचं नसतं, हे काही विसरले नाहीत. मी येण्याआधी ते रात्रभर दारं खडखडावत फिरायचे आणि अख्ख्या मजल्याच्या झोपेचं खोबरं व्हायचं.

मग नियम ठरला. रात्री दहाला ताई आणि आजोबा किल्ल्या मोजणार, ताई वहीत सही करणार, मी उशीखाली जाणार. सकाळी सहाला चार्ज परत, म्हणजे मी ताईंच्या हवाली आणि पुन्हा खिळ्यावर. सगळ्यांनी ताईंचं कौतुक केलं. माझं कुणी केलं नाही, असो.

एका संध्याकाळी धावपळीत ताई नव्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "औषधांच्या कपाटाची किल्ली जुडग्यात अडकव गं." ताईंचा जुडगा म्हणजे ही किल्ली धरून जेमतेम दोन किल्ल्यांची फुटकळ रिंग. शेजारच्या खिळ्यावर मी, चांगला भारदस्त. तिने मलाच निवडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दहाला आजोबांनी मोजलं आणि म्हणाले, "चोवीस."

"हो हो, बरोबर," घड्याळाकडे बघत ताई म्हणाल्या आणि सवयीने 'तेवीस' लिहून सही केली.

त्याच मजल्यावर एक शिक्षिका आजी आहेत. पहाटे पाचला त्यांची गोळी असते. ती चुकली की त्यांचे हातपाय आखडतात, घोटभर पाणीही गिळता येत नाही. पावणेपाचला ताईंनी रिंग काढली, तर किल्ली एकच! मुलीने रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "ताई, मी त्या मोठ्या जुडग्यात..."

ताई चवड्यांवर चालत आजोबांच्या खोलीत आल्या. उशीखाली हात घातला. मी श्वास रोखला. पण जुडग्याला कधी गप्प राहता आलंय? खळ्ळ!

"चोर! चोर!"

मजला जागा झाला. एक आजी काठी उगारून आल्या आणि चहा कुठे ठेवलाय म्हणून विचारू लागल्या.

"आजोबा, मी आहे. एक किल्ली हवीय."

"सहाच्या आधी चार्ज मिळणार नाही."

"औषध द्यायचंय हो!"

"मग वही आणा. तोंडी व्यवहार मी करत नाही."

मुलगी कुजबुजली, "ताई, हिसकावूनच घेऊ?"

"खबरदार. वही आण."

ताई जमिनीवर बसल्या आणि आजोबांबरोबर एकेक किल्ली मोजू लागल्या. चोवीस. आजोबांनी वही डोळ्यांजवळ धरली. "इथे तेवीस कुणी लिहिलं?"

"मी."

"न मोजता सही? काय बाई तुम्ही! जादा माल निघाला तरी चूक ती चूकच. घ्या सोडवून, लिहा, सही करा."

ठीक पाचला शिक्षिका आजींच्या जिभेवर गोळी होती.

मुलगी जिन्यात रडत बसली होती. "माझी नोकरी गेली ना?"

"किल्ली तू चुकीच्या जागी लावलीस," ताई म्हणाल्या, "पण आजोबा चोवीस सांगत होते आणि मी ऐकलं नाही. नोंदीत नाव माझं जाईल. ऊठ, तोंड धू."

आता ताई रोज खरंच मोजतात. काल आजोबा त्यांना निरखून म्हणाले, "नवीन लागलात वाटतं? बसेल हात हळूहळू."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसून ठेवा, तेल द्या. पण ज्यांच्या हातून बाकी सगळं निसटून गेलंय, असं कुणी तुम्हाला काही सांगत असेल, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. एकदा मोजून बघा. चोवीसही असतील.