एका मताचा शोध

पाहणीसाठी मतदारयादीतून नाव निघालं ते छबूबाईंचं, आणि आप्पासाहेबांचं तोंड एवढंसं झालं.

देवळाली प्रवराच्या अलीकडं उसाच्या शिवारात त्यांची वस्ती. नगरच्या कॉलेजातली निकिता टॅब घेऊन सकाळीच तिथं पोचली होती. लोकांना राजकारणातलं काय कळतं, आणि ते कुणामुळं कळतं, याचा अभ्यास चालला होता म्हणे. आप्पासाहेबांनी लगबगीनं खुर्ची पुढं केली, टोपी सारखी केली. चाळीस वर्षं पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस तो. एकच गोष्ट त्यांना कुठल्या पेपरात सापडली नव्हती. आठ वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला ते झुंबरबाईपुढं एका मतानं पडले, ते मत कुणी फिरवलं? त्यांचा संशय चुलतभाऊ वैजनाथवर. वैजनाथनं शिंगणापूरला जाऊन शनिदेवापुढं शपथ घेतली, तरी यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्याच्या लेकीच्या लग्नालाही गेले नाहीत.

तर अशा माणसाला सोडून प्रश्न कुणाला, तर त्याच्या बायकोला!

"अगं पोरी, तिला काय इचारती? तिला आमदाराचं नावबी यायचं न्हाई. मी सांगतो की."

"आजोबा, नाव आजींचंच निघालंय, ते बदलता येत नाही." निकिता जरा अडखळली. "आणि बोलताना त्या एकट्याच असाव्या लागतात. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?"

स्वतःच्याच घरातून बाहेर! आप्पासाहेब धुसफुसत गोठ्यात गेले. पण घराची आणि गोठ्याची भिंत एकच, आणि वर पत्र्याखाली चांगली हातभर फट. गाईला वैरण टाकायचं निमित्त करून ते भिंतीला कान लावून उभे राहिले. चोरून ऐकू नये एवढं त्यांना कळत होतं. पण छबूची फजिती झाली तर खोकून इशारा तरी देता येईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

फजिती सुरू झालीच. आमदार कोण? "ठावं न्हाई." अर्थमंत्री? "न्हाई बाई." आप्पासाहेबांचा जीव खालीवर. रोज चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवतो, ते सगळं जातं तरी कुठं?

"आजी, मत कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं?"

"ह्ये सांगत्यात. मी व्हय म्हन्ते." आप्पासाहेबांची मान ताठ झाली. मग आत छबूबाईंनी आवाज जरा खाली आणला. "ह्ये कुनाला कळायचं न्हाई ना, पोरी?"

"नाही आजी. तुमचं नावसुद्धा कुठं येणार नाही."

"मंग सांगते. एकडाव न्हाई आयकलं. ह्ये सोता उभं हुते तवा."

आप्पासाहेबांच्या हातातली वैरण हातातच राहिली.

"का हो आजी?"

"झुंबरबाई आली, माझा हात धरला. म्हनली, छबू, मला मत देशील का? न्हाई दिलंस तरी राग न्हाई. आता बग, ह्ये समद्या वार्डात हात जोडत हिंडले. काल आलेल्या सुनांम्होरं वाकले. आन मला काय, तर 'कपबशीचं बटन दाब'. इचारलंच न्हाई गं मला. मी मशिनीम्होरं गेले आन दाबली झुंबरबाईची छत्री. एका मतानं पडतील आसं का वाटलं हुतं? लई रडले मी. सांगायचं धाडस झालं न्हाई. वैजनाथभाऊजी दिसले की मान वर हुत न्हाई माजी."

आप्पासाहेबांना संताप आला. आत जावं आणि जाब विचारावा असं वाटलं. पाऊल उचललंही. पण जाब विचारायचा तर आधी आठवायला हवं होतं, आपण हिला कधी काय विचारलं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. जमीन घेतली, बोअर पाडलं, लेकीचं लग्न ठरवलं. दर वेळी घरी येऊन सांगितलं होतं. त्यांना लाज वाटली. बायकोच्या बाबतीत अशी लाज त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटली, आणि ती गाईसमोर उभं राहून गिळावी लागली.

निकिता गेली. आप्पासाहेब आत आले तेव्हा छबूबाई चहा टाकत होत्या.

"मला लई काय आलं न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "तुमाला समदं आलं आसतं."

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "मलाबी आलं नसतं."

ते चुलीपाशी बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "अगं, वैजनाथाकडं जाऊन येऊ का?"

छबूबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या खांद्यावर वैरणीचा पाला होता, डोळे ओले होते. त्यांनी वर पत्र्याखालच्या फटीकडं पाहिलं आणि काय ते समजल्या. घाबरल्याही. पण तो अजून उत्तराची वाट बघत बसला होता.

त्यांनी चहा खाली उतरवला, पदर सारखा केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मीबी येते. मत माजं हुतं."