दिवस बुडायच्या आत

एकोणीसशे सव्वीस सालची गोष्ट. ब्राह्मी दुसरीत गेली आणि पाढ्यांत अडखळू लागली. एवढ्याशा गोष्टीचा मास्तरांनी केवढा बाऊ केला! निपाणीच्या बाजारात, चार तंबाखूवाल्यांच्या देखत त्यांनी पद्मराजला सांगितलं, की तपासणीला साहेब येतील तेव्हा तुमची पोरगी शाळेची अब्रू घालवील, तिला शिकवणी लावा. पद्मराज सगळं सोसेल, चारचौघांत गेलेली लाज सोसणार नाही. घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं नाही, सांगितलं.

धोंडूबाईला मात्र ते रुचलं. तिला अक्षरओळख नव्हती. माहेरचं पत्र आलं, की शेजारी जाऊन वाचून घ्यायचं. वाचणारा आधी मनातल्या मनात वाचून गालात हसायचा आणि मग हवं तेवढंच सांगायचा. त्या हसण्याची तिला चीड होती. लेकीवर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढा एकच हट्ट तिनं जन्मात धरला होता.

शाळा सुटली की मास्तर पोरांना थेट आपल्या ओसरीवर नेत आणि दिवेलागणीला सोडत. ब्राह्मीचं घर जैनाचं. सूर्य मावळला की चूल बंद, तोंड बंद. ती पोचेपर्यंत जेवणं आटोपलेली असत. सोबत भाकरी बांधून द्यावी, तर मास्तरीणबाईंना आपल्या ओसरीवर दुसऱ्याचं अन्न चालत नव्हतं; विद्या मात्र तिथंच बसून घ्यायची होती. एकदा धोंडूबाईनं दार लोटून पोरीपुढं भाकरी-दूध ठेवलं. सात वर्षांची पोर, पण बस्तीत, जैनांच्या देवळात, देवापुढं रात्री न जेवण्याचा नेम घेतलेला. तिनं तोंड फिरवलं आणि पाणीही न पिता झोपली. धोंडूबाईला स्वतःची लाज वाटली आणि त्या नेमाचा रागही आला.

महिन्याभरात पोर वर्गात डुलक्या घेऊ लागली. मास्तरांचं निदान तयार होतं: डोकं जड आहे, शिकवणी अर्धा तास वाढवू. पद्मराज मान डोलावून आला.

तेव्हा धोंडूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यापुढं उभी राहून बोलली.

"पोरगी मंद न्हाय. उपाशी हाय. सकाळी जेवती ती दुसऱ्या सकाळपातूर तशीच ऱ्हाती. शिकवणी बंद करा, मग बघा कशी शिकती."

पद्मराजनं पागोटं काढून खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, "खरं हाय तुझं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय." इतक्या मवाळपणे तो कधी बोलला नव्हता. धोंडूबाई हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि ब्राह्मीचं नाव काढून आला. शिकवणीशिवाय पोरगी पास होणार नाही असं मास्तर म्हणतात, शिकवणीनं ती उपाशी मरते असं बायको म्हणते. मग राहिलं काय? त्याला हे अगदी सरळ वाटत होतं. पहिले तीर्थंकर आदिनाथ, त्यांनी आपल्या ज्या लेकीला अक्षरं शिकवली तिचं नाव पोरीला ठेवताना हाच सगळ्यांच्या पुढं होता. धोंडूबाईनं पाया पडून पाहिलं, बोलणं टाकून पाहिलं. पण काढलेलं नाव पुन्हा घालायचं, तर मास्तरांपुढं मान खाली घालावी लागणार, आणि ते त्याच्याच्यानं होणार नव्हतं.

ब्राह्मी आता ऊन असतानाच जेवायला बसू लागली. गरम भाकरी, आमटी, वर तूप. एक दिवस पहिला घास हातात धरूनच तिनं विचारलं, "आई, मला भूक लागती म्हणून आप्पास्नी तूच सांगितलंस व्हय?"

धोंडूबाई व्हय म्हणाली.

"मला न्हवती लागत," ब्राह्मी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती खोटं बोलली आणि मुकाट्यानं जेवू लागली.