माझं पांढरं डोकं

मी एक जुना वाटाड्या मनोरा आहे. मनोरा म्हटल्यावर लगेच घड्याळ नि घुमट डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. मी म्हणजे नुसता दगडावर दगड, पुरुषभर उंच, ना चुना ना माती. नॉर्वेतल्या लूनविक गावाच्या वर, डोंगराच्या सपाट माथ्यावर मी उभा आहे. माझ्या एका अंगाला गावात उतरणारी वाट आहे आणि दुसऱ्या अंगाला सरळ खाडीत कोसळणारा कडा.

मला कोणी बांधलं म्हणाल, तर एक नाव सांगता येणार नाही. शेळ्या चारायला वर येणाऱ्यांनी पायथा रचला आणि पुढे रीतच पडली. वर येणाऱ्यानं वाटेतला एक दगड उचलायचा आणि माझ्यात नीट बसवायचा. डोक्यावर मात्र पांढऱ्याशुभ्र गारगोटीचा एकच दगड, त्याचं टोक गावाकडे. धुकं दाटलं तरी तो पांढरा ठिपका लांबून दिसायचा.

माझी खरी काळजी घेतली ती गुनवोरनं. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बर्फ वितळलं की ती वर येते, हिवाळ्यानं खिळखिळे केलेले दगड बसवते आणि माझ्या आडोशाला कॉफी पिते. "काय म्हातारबुवा, निघाला का हिवाळा?" असं विचारते. माझ्याशी इतक्या आपुलकीनं दुसरं कोणी बोलत नाही.

ऑगस्टमध्ये ती बादली घेऊन माझ्यावरून पुढे जाते, मुल्ते वेचायला. ही दलदलीत पिकणारी पिवळी रानफळं. लूनविकची माणसं तुम्हाला घराची किल्ली देतील, पण आपली मुल्त्यांची जागा सांगणार नाहीत. गुनवोरचा धाकटा भाऊ आस्लाक चाळीस वर्षं तिच्या मागे लागलाय.

"निदान दिशा तरी सांग. उत्तर की पूर्व?"

"वर," गुनवोर म्हणते. संपलं.

हा आस्लाक गावातलं पाहुण्यांचं माहिती केंद्र सांभाळतो. माणूस मनानं चांगला, पण डोक्यात काही शिरलं की निघत नाही. पाहुणे बोटीनं येतात, धबधबा पाहतात, लाकडी चर्च पाहतात, जुन्या होड्यांच्या संग्रहालयात वाफल्स खातात आणि निघून जातात. त्यांनी माझ्यापर्यंत यावं म्हणून त्यानं माहितीपत्रकात एक ओळ घातली: वर या आणि आठवण म्हणून आपला एक छोटा मनोरा रचा.

झालं! माणसं लोटली. माझे फोटो निघाले, कौतुक झालं आणि खोटं कशाला बोलू, मी फुगलो. मग लक्षात आलं की त्या छोट्या मनोऱ्यांना दगड माझ्याच अंगातून जातायत. महिन्याभरात मी कमरेएवढा उरलो. पांढरा दगडही कोणी नेईल या धास्तीनं आस्लाकनं तो स्वतःच खाली नेला आणि केंद्रात काचेच्या कपाटात ठेवला. वर दिवाही लावला म्हणे.

ऑगस्ट उजाडला आणि गुनवोर बादली घेऊन आली. माझ्याकडे बघून ती मटकन खाली बसली.

"अरे, तुझं डोकं कुठे गेलं? हा त्या आस्लाकचाच उद्योग. संध्याकाळी बघते त्याच्याकडे."

आभाळ स्वच्छ होतं, म्हणून ती पुढे गेली. दुपारी धुकं आलं. परतताना तिचे बूट मला ऐकू आले, अगदी जवळ. ती मला शोधत होती आणि मी तिला दिसत नव्हतो. मग ती पावलं एका छोट्या मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे वळली. कड्याच्या दिशेनं. मित्रांनो, आपल्याला तोंड नाही याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं पावलंही ऐकू येईनाशी झाली.

गावात आस्लाकला बहिणीच्या दारातली बादली दिसली नाही. ती कुठे गेली हे तर तिनं उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. शोधायचं कुठे? एवढंच ठाऊक होतं की येताना ती माझ्यावरून येते. दुखऱ्या गुडघ्यानं तो वर आला, पाठीवरच्या पिशवीत तो पांढरा दगड घेऊन. हाका मारून घसा बसला. मग त्यानं दोन दगड हातात घेतले आणि एकमेकांवर ठोकू लागला. लहानपणी दोघं एकमेकांना अशीच साद घालायची.

किती वेळ तो ठोकत होता कुणास ठाऊक. शेवटी कड्याकडून बादलीचा आवाज आला. टण. टण. आस्लाक तिथेच रडायला लागला. आवाजाच्या मागोमाग गुनवोर हळूहळू धुक्यातून बाहेर आली.

"तुझे मनोरे मला बरोब्बर कड्यावर घेऊन गेले," ती म्हणाली. "शेवटच्यावर हात ठेवला तर दगड डुगडुगला. जुन्या रचाईसारखं फटींवर दगडफूल धरलेलं नाही. म्हटलं, हा आपला म्हातारा नव्हे. तिथेच बसले. तीन पावलं पुढे काहीच नव्हतं."

"ती ओळ मी लिहिली," आस्लाक म्हणाला. "डोकंही मीच नेलं."

"ठाऊक आहे. ठेव ते जागेवर. तिकडे नको, गाढवा, टोक गावाकडे."

पुढच्या रविवारी घरटी एक माणूस वर आलं. लूनविकमध्ये सामाईक काम निघालं की कोणी घरी बसत नाही. त्यांनी छोटे मनोरे उतरवले आणि माझा दगड न् दगड मला परत दिला. पत्रकातली ती ओळही गेली.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. कुठेही पाहायला जाल तेव्हा जुन्या खुणेचा दगड उचलू नका, आणि तिच्या शेजारी आपली नवी खूण उभी करू नका. तुमची आठवण तुमच्याजवळ राहू दे. ती खूण कोणाच्या तरी घरची वाट असते.

आता ऑगस्टमध्ये दोघंही येतात. आस्लाकला वाटलं होतं, या खेपेला जागा कळणार. गुनवोरनं त्याला माझ्या पायथ्याशी बसवलं, हातात दोन दगड दिले आणि म्हणाली, "धुकं आलं तर ठोक. मागे आलास तर याद राख."

ती बादली घेऊन निघून गेली. आभाळ निरभ्र होतं. तरी आस्लाक ती परत येईपर्यंत ठोकत बसला.