वाकलेले पाते

एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात वीजजोडणी शिकवलेल्या मास्तरांचा एक नियम होता. दोन पिनांचा प्लग तीन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून वरच्या भोकात पेन खुपसणारा मुलगा त्यांच्या वर्गात दिसला, की तो तास संपेपर्यंत बाहेर उभा राही. मुलीकडे परदेशात आल्यावर चौथ्याच सकाळी मास्तरांनी स्वतः नेमके तेच केले.

जावयाने पहिल्याच दिवशी मास्तर आणि त्यांची बायको, दोघांच्या हातात एकेक अडॅप्टर ठेवला होता. बाईंनी आपला नीट पर्समध्ये ठेवला. मास्तरांनी आपला खणात टाकला. "इतकी वर्षं काय गवत उपटलं का मी?" एवढेच ते बायकोजवळ पुटपुटले. मग खोलीत कोणी नसताना पेनाच्या टोकाने वरच्या भोकातला पडदा दाबून त्यांनी खालची भोके उघडली आणि आपल्या चार्जरच्या गोल पिना चपट्या भोकांत रेटल्या. फोन चार्ज झाला. मास्तर खूश झाले.

दुपारी बाईंनी त्याच सॉकेटात सांगितल्याप्रमाणे अडॅप्टर लावला, त्यात चार्जर लावला आणि बटण दाबले. तडकन ठिणगी उडाली आणि घरभरची वीज गेली. शेजारच्या खोलीत मुलीची ऑफिसची मीटिंग चालली होती, ती मध्येच तुटली.

"आई, काय केलंस?" मुलगी दारातूनच म्हणाली.

"काही नाही गं. बटण दाबलं फक्त. हात ओला होता की काय, देव जाणे."

जावई म्हणाला, "बाबा आहेत ना घरात. बाबा, बघता का जरा?"

मेन बंद करून मास्तरांनी सॉकेट उघडले. मुलीने टॉर्च धरला. आत वीज वाहणारे एक पितळी पाते वाकून अर्थिंगच्या पट्टीकडे झुकले होते. अडॅप्टरच्या जाड पिनेने ते पुरते टेकवले होते. पण आधी ते कोणाच्या पिनेने वाकवले होते, हे सांगायला मास्तरांना टॉर्चचीही गरज नव्हती.

"पातं वाकलंय," ते म्हणाले. "अर्थिंगला टेकलं. शॉर्ट झालं."

"म्हणजे आईनं जोरात रेटलं?"

"रेटलं की वाकतं," मास्तर म्हणाले.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच त्यांना सर्वांत जास्त बोचले. बाई हसल्या. "माझ्या हाताला जोरच जास्त. घरी डब्यांची झाकणंसुद्धा माझ्यापुढे टिकत नाहीत." हसल्या, पण तोंड उतरलेच.

संध्याकाळी न्हाणीघराबाहेर उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "अहो, दिवा लावून द्याल का?" बटण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. मास्तरांनी उठून ते दाबले. "थँक्यू," बाई म्हणाल्या. मास्तर मान खाली घालून परत आले. जेवताना मुलीने विचारले, "बाबा, बरं नाही का?" ते म्हणाले, "जरा जड झालंय." सारी रात्र त्यांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळून काढली.

सकाळी चहाच्या टेबलावर बाईंनी फोन, चार्जर आणि अडॅप्टर त्यांच्यापुढे सरकवले. "एवढा लावून द्या. पुन्हा कुणाची मीटिंग जायला नको."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ते सॉकेट मी बिघडवलं," ते म्हणाले. "पेन खुपसून. हिनं सगळं बरोबर केलं होतं. काल उघडल्याक्षणीच मला कळलं होतं."

जावई आधी गोंधळला, मग हसला. "असू दे बाबा, होतं असं. पाच मिनिटांत नवं बसेल." त्या उदारपणाने मास्तर आणखीच खजील झाले. मुलगी हसली नाही. तिने आईच्या दंडावर हात ठेवला. "काल मी उगाच तुलाच दोष दिला."

बाई नवऱ्याकडे वळल्या.

"काल तुम्ही दिवा लावून दिलात," त्या म्हणाल्या, "तेव्हाही माहीत होतं तुम्हाला."

"होतं."

"आणि मी थँक्यू म्हणाले."

बाईंनी आपल्या वस्तू उचलल्या आणि त्या भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटापाशी गेल्या. मदतीसाठी मास्तर लगबगीने उठले.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. ते सरकले.