जिवंतपणीचा रंग

फॉर्ममधला एकच रकाना कोरा राहिला होता आणि महिनाभर त्याने माझं डोकं खाल्लं होतं. 'जिवंतपणीचा रंग.'

बाकी सगळं झालं होतं. फांद्या कशा फुटतात, पेशींचे थर किती, बीजाणू कुठे धरतात, सगळं कापून, मोजून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून लिहिलं होतं. साठ मीटर खोल पाण्यात वाढणारं तांबडं समुद्री शेवाळ, आजवर कुणीच न नोंदवलेलं. नव्या जातीचं वर्णन छापायचं तर तिचा पाण्यातला रंग सांगावा लागतो, कारण वाळली की ही शेवाळं सगळी सारखीच विटकरी पडतात. आणि माझ्याकडे होता तो वाळका नमुना, कागदावर दाबलेला, तळहाताएवढा.

तो आमच्या ह्यांनी आणला होता. हे पाणबुडे. समुद्राखालचे नळ दुरुस्त करायचे. लोक बायकोला फुलं आणतात, आमचे हे शेवाळ आणायचे! होडीवरच कागदावर पसरून दाबायचे, कारण किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा लगदा होतो. कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, जागा, खोली. मीच शिकवलं होतं. हे जाऊन आता दोन वर्षं झाली. 'जमवणारा' म्हणून फॉर्मवर त्यांचं नाव होतं, आणि नव्या जातीलाही मी त्यांचंच नाव देणार होते. उशीर झाला आणि दुसऱ्या कुणी आधी छापलं, तर तेही राहिलं असतं.

"सांग गं बाई एकदाचा रंग," आमची चित्रकार करवादली. वीस वर्षं ती आमच्या खात्यात वनस्पतींची चित्रं काढतेय, आणि तिच्या जिभेला हाड नाही. "सकाळपासून ब्रश ओला करून बसलेय. मुहूर्त बघतेयस का?"

"माहीत नाही म्हटलं ना!"

"मग घाल गुलाबी. ह्याच्या जवळच्या जाती गुलाबीच असतात. साठ मीटरवर कोण जातंय तुझी चूक काढायला?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. पेन उचललंसुद्धा. पण तीस वर्षं मी लोकांच्या अंगावर ओरडत आलेय, "रंग जागच्या जागी लिहा, नंतर आठवणीतून थापा मारू नका." आता मीच थाप मारू? आणि तीही ह्यांच्या नावाखाली?

मी ह्यांच्या जोडीदाराला फोन लावला. इतक्या खोल कुणी एकटं उतरत नाही. हा नमुना काढला त्या दिवशी तोच बरोबर होता.

"वहिनी! आज कशी काय आठवण झाली गरिबाची?" तो म्हणाला. मी रंगाचं विचारलं तर हसायला लागला. "मला कसला रंग विचारता! खाली लाल सगळं काळंच दिसतं, उजेड मारला तरच कळतं. टॉर्च दादाच्या हातात. मी आपला हवेच्या काट्याकडे डोळे लावून."

"वर आल्यावर काही बोलले का?"

"विचारलं होतं मी. म्हटलं, दादा, एवढं काय बघत होतास, हवा संपवायला निघालास की! तर म्हणाला, 'असा रंग जन्मात पाहिला नाही. पण तुला नाही सांगणार. आधी हिला सांगणार.'"

काय बोलून फोन ठेवला, देव जाणे.

त्या संध्याकाळी हे दारातूनच बोलत आले होते. "अगं, आज एक रंग..." मी टेबलावर कुणाचा तरी प्रबंध तपासत बसलेली. मान वर न करता म्हटलं, "आधी डोकं पुसा, फरशीवर तळं झालंय." हे डोकं पुसून आले, फरशीही पुसली, आणि समोर खुर्ची ओढून बसले. मी म्हटलं, "आत्ता नको हो. हे उद्या द्यायचंय मला. उद्या सांगा."

"बरं," म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. उद्या मला वेळ झाला नाही, परवा ते पहाटेच कामावर गेले, आणि चौथ्या दिवशी छातीत कळ येऊन सगळा कारभारच आटोपला.

सगळ्या जगात एका माणसाने तो रंग पाहिला होता, आणि माझ्यासाठी राखून ठेवला होता. खरं सांगू? मला त्या रंगाचं काही पडलेलं नाही. तो निळा असो, जांभळा असो. समोर खुर्ची ओढून बसणारा माणूस हवाय मला.

मी रकान्यात लिहिलं: "जमवणाऱ्याने पाहिला होता. वर्णन करणारीने विचारला नाही." चित्रकाराने ते वाचलं. तिने ब्रश धुतला आणि चित्र नुसत्या काळ्या शाईने पुरं केलं.

तीन आठवड्यांनी संपादकांचं उत्तर आलं. वर्णन पसंत होतं, नावही पसंत होतं. एकच शेरा होता: "रंगाची माहिती अपुरी आहे. जमवणाऱ्याशी संपर्क साधून कळवावे." त्यांचा तरी काय दोष? हे गेल्याचं मी कुठे लिहिलंच नव्हतं. त्याला रकाना नव्हता.

"अगं, सरळ लिही ना, ते नाहीत म्हणून," चित्रकार हळूच म्हणाली.

लिहायला बसले. तेवढे दोन शब्द काही केल्या हातून उतरेनात. शेवटी लिहिलं आणि पाठवून दिलं:

"प्रयत्न रोज करते. अजून उत्तर नाही."