ज्योत्स्ना, गॅस बारीक कर

पंचवटीतल्या त्या गल्लीत संक्रांतीच्या वाणावरून बायकांची दरवर्षी चढाओढ लागते. कुणी प्लॅस्टिकचे डबे देतं, कुणी स्टीलच्या गाळण्या. समोरच्या झुंबरबाईनं तर गेल्या साली टिकल्यांची पाकिटं वाटून महिनाभर मिरवून घेतलं होतं. चतुराबाईनं तेव्हाच मनाशी ठरवलं, पुढच्या खेपेला असं वाण द्यायचं की झुंबरबाईनं गप घरी जाऊन पाणी प्यावं.

यंदा तसं वाण तिच्या हाती आयतं आलं. तिच्या नातीनं, निकितानं, फोनवर खेळायचा गेम बनवला होता.

निकिता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगल्या पगारावर होती. ती नोकरी सोडून घरी आली आणि माडीवरच्या खोलीत बसून तिनं दोन वर्षं या एकाच कामात घातली. तिचा बाप सोमनाथ अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. धडधाकट पोरगी दिवसभर खोलीत बसून काय करते, ते त्याला कळेना. शेवटी त्यानं सांगून टाकलं, की होळीपर्यंत या खेळावर तिचं भागायला लागलं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत जायचं. निकिता कबूल झाली. तिच्याहून मोठ्या आवाजात चतुराबाई कबूल झाली.

"पोरीचा माल खपणार," तिनं मुलाला सुनावलं. "नाही खपला तर मला आई म्हणू नको."

तिचा नवरा धोंडीराम टीव्हीसमोर बसला होता, त्यानं मान हलवली. लग्नापासून त्याला बोलायला मोकळी फट अशी फारशी सापडलीच नव्हती.

चतुराबाईला एवढी खात्री होती, त्याला कारण होतं. खेळात तिचा आवाज होता.

'पूर आला' हे खेळाचं नाव. गोदाघाटावर पूर चढतो. पाणी आधी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला लागतं, मग कमरेला, मग छातीला. तेवढ्यात खेळणाऱ्यानं घाटावरची दुकानं, टपऱ्या, म्हातारी माणसं, शेळ्या, सगळं वरच्या रस्त्याला न्यायचं. चतुराबाईनं उभा जन्म त्या घाटावर बेदाणे विकले होते. पूर आला की दुकान कसं ओढायचं, आधी काय उचलायचं, कुणावर ओरडायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शाळा तिसरीत सुटली, पण ओरडायला कुठं शाळा लागते? निकितानं तिला समोर बसवली आणि सांगितलं, आजी, पूर आलाय असं समज. मग काय. खेळणारा चुकला की फोनमधून चतुराबाई कडाडते, "अरे मुडद्या, तराजू आधी उचल." पाणी चढलं की, "पाय हलव, मारुतीच्या कमरेला लागलं."

हे सगळं रेकॉर्ड होत असताना तिला स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला, आणि त्याच दमात, त्याच पट्टीत, तिनं सुनेला हाक मारली, "ज्योत्स्ना, गॅस बारीक कर." विकायच्या खेळातून निकितानं ती हाक काढून टाकली. आजीच्या फोनमधल्या खेळात मात्र गंमत म्हणून ठेवली. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की ती ऐकू यायची, आणि घरात हसू पिकायचं.

तर हळदीकुंकवाच्या दिवशी निकिता कामासाठी पुण्याला गेलेली. चतुराबाईनं कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्या जीवनला बोलावून दारातल्या पायरीवर बसवलं आणि आपला फोन त्याच्या हातात दिला. यातला खेळ येणाऱ्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये घालायचा, एवढंच काम. ज्योत्स्ना तिळाचे लाडू ताटात मांडता मांडता म्हणाली की आई, एकदा निकीला फोन तरी करून बघा.

"माझी नात, माझा आवाज, माझं हळदीकुंकू," चतुराबाई म्हणाली. "विचारायचं कुणाला?"

असं वाण गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. बायका हळद-कुंकू लावून घ्यायच्या, लाडू घ्यायच्या आणि पायरीवर जाऊन जीवनपुढं फोन धरायच्या. आतून बाहेरून चतुराबाईचाच आवाज घुमत होता. झुंबरबाई तोंड वाकडं करून आली आणि जाताना तिथंच दारात उभी राहून खेळायला लागली. चतुराबाईला त्या क्षणी काही कमी नव्हतं.

एकटी हमीदाबी तेवढी फोन पुढं करीना. तिचं बांगड्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, आणि तिळगुळाला ती दरवर्षी हक्कानं यायची. ती म्हणाली, तिच्या लेकीनं, झेबानं, हा गेम विकायला आला त्या पहिल्याच दिवशी विकत घेऊन तिच्या फोनमध्ये घातलाय. चतुराबाईला ते लागलं. घरच्यासारख्या माणसानं विकत घ्यायचं म्हणजे काय?

"तू माझ्याकडून बांगड्या फुकट भरून घेतेस का गं कधी?" हमीदाबीनं विचारलं.

 चतुराबाईनं तिच्या हातावर आणखी दोन लाडू ठेवले.

पुढच्या आठवड्यात निकिता माडीवरून खाली आली ती चेहरा उतरवून. खेळाची विक्री एकाएकी बसली होती. कुणीतरी अख्खा गेम नेटवर फुकट टाकला होता. विकत घेणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसं तिथून उचलत होती. होळी दीड महिन्यावर आली होती. सोमनाथनं पुण्याच्या गाड्यांची चौकशी केल्याचं ज्योत्स्नाला कळलं होतं.

चतुराबाईनं मग घर डोक्यावर घेतलं. ज्या कुणी पोरीचं काम चोरलं त्याला रविवार कारंजाच्या चौकात उभा करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीन, त्याच्या आईला जाऊन भेटीन, कुठल्या शाळेत घातलं होतं ते विचारीन. धोंडीरामानं टीव्हीचा आवाज वाढवला.

संध्याकाळी चहाच्या वेळी सगळे खाली बसले असताना निकितानं तो चोरीचा गेम आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला. कुणी आत काही घोळ करून ठेवलाय का, ते तिला बघायचं होतं. ती भराभर खेळत गेली. पाणी गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं. छातीला लागलं, आणि फोन ओरडला, "ज्योत्स्ना, गॅस बारीक कर."

"केला, आई," स्वयंपाकघरातून ज्योत्स्ना म्हणाली.

कुणी हसलं नाही. सोमनाथच्या हातातली बशी तशीच राहिली. निकितानं फोन पालथा घातला आणि आजीकडं बघितलं.

"आजी, हे वाक्य फक्त तुझ्या फोनमध्ये होतं."

चतुराबाईनं पायात चपला सरकवल्या आणि ती सरळ जीवनच्या दुकानात गेली. तिथं पाटीच लावलेली होती: 'पूर आला' गेम, रिचार्जवर फुकट. ती पाटी आधी उतरव, असं तिनं सांगितलं, आणि आणखी पुष्कळ सांगितलं. जीवननं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत तो म्हणाला, की आजी, गेम तर तुम्हीच दिलात.

"मी वाण दिलं. तू दुकान मांडलंस."

"पण ते वाण तरी तुमचं कुठं होतं, आजी?"

जीवन वाईट माणूस नव्हता, तोंडाळही नव्हता. म्हणून तर ते बोलणं तिला आरपार गेलं. ती परत फिरली आणि वाटेत हमीदाबीच्या दुकानावरून मान न वळवता पुढं आली.

घरी येऊन ती ओट्यावर बसली. तिला तिची सासू आठवली, चंद्रभागा. बेदाण्यांची पाटी चतुराबाईनं निफाडहून आणायची, घाटावर उन्हात बसून निवडायची, आणि सासूनं येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या ओटीत पसापसा ओतायची. वर म्हणायची, आमच्या घरात हात राखून देत नाहीत. मोठेपणा सासूचा, पाठ दुखायची सुनेची. त्या बाईला जाऊन कैक वर्षं झाली, पण चतुराबाईनं तिला ते कधी माफ केलं नव्हतं. आणि आता निकिताच्या माडीवरच्या दोन वर्षांची पाटी तिनं स्वतःच अशी लोकांच्या ओटीत ओतली होती. हात न राखता.

नेटवर गेलेलं परत आणता येतं का, असं तिनं निकिताला विचारलं. निकिता म्हणाली, एका ठिकाणाहून काढलं तर दुसरीकडं दिसतं.

"मग मला बायकांना परत बोलावू दे," चतुराबाई म्हणाली. "आणि तुझा फोन माझ्यापुढं धर. जे जसं गेलंय, त्याच्या मागं तसंच पाठवू."

रथसप्तमीच्या आत तिनं दुसरं हळदीकुंकू केलं. एका घरात एका हंगामात दोनदा, हेही गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. त्यामुळं एकूण एक बाई आली. जीवनला पुन्हा पायरीवर बसवलं होतं. झुंबरबाई आत शिरतानाच म्हणाली, "वाण परत मागायला बोलावलंय वाटतं."

चतुराबाईनं सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, प्रत्येकीच्या तळहातावर दोन-दोन बेदाणे ठेवले आणि मग ती मधोमध उभी राहिली. निकितानं फोन धरला.

"वाण दिलं ते दिलं. दिलेली वस्तू परत मागायची रीत माझ्या घरात नाही. पण त्या दिवशी मी वाटलं ते माझं नव्हतं. माझ्या नातीचे कष्ट मी माझ्या नावानं वाटले. मी घाटावर बसायचे तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याच्या हातावर दोन दाणे ठेवायचे. चव बघायला पैसा पडत नव्हता. आवडलं तर पुढचं तराजूत. तर ते वाण म्हणजे हातावरचे दोन दाणे समजा. चव बघून झाली. आता तराजूत घ्या."

मग ती फोनकडं वळली.

"आणि घरी बसून फुकट खेळताय, तुम्हीपण ऐका. मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर ज्याच्या फोनमधून माझ्या सुनेला हाक ऐकू येते, त्यानं चोरीचा माल घेतलाय. ज्योत्स्ना माझी सून आहे. तिला हाक मी मारणार, तुमच्या फोननं मारायची नाही. आणि गॅस तिनं केव्हाच बारीक केलेला असतो. तिला सांगावं लागत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ज्योत्स्नानं पदर तोंडाला लावला. लग्न होऊन आल्यापासून सासूच्या तोंडून तिनं असं काही ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते सगळ्या गल्लीसमक्ष.

"म्हंजे आमी काय करायचं, पुसून टाकायचा?" झुंबरबाईनं विचारलं.

"आवडला नसेल तर पुस. आवडला असेल तर पुसून विकत घे. दोन मिसळींचे पैसे आहेत. तुझ्या टिकल्या त्या संध्याकाळपर्यंतसुद्धा चिकटून राहिल्या नव्हत्या."

झुंबरबाईनं फणकारा केला. पण गेले काही दिवस ती मारुतीच्या कमरेपाशी अडकली होती, आणि एक शेळी कशी वर न्यायची हे तिला कळत नव्हतं. तिनं जीवनपुढं फोन धरला. तिच्यामागं बाकीच्यांनी धरले. हमीदाबी कोपऱ्यात बसून आपले दोन बेदाणे चघळत होती. चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं, तशी तिनं नुसता हातातल्या बांगड्यांचा आवाज केला.

निकितानं ते बोलणं नेटवर टाकलं, आणि ते खेळाच्याही पुढं पळालं. सांगलीपासून नागपूरपर्यंत माणसं एकमेकांना विचारायला लागली, तुझ्या फोनमध्ये ज्योत्स्नाला हाक येते का रे? ज्याच्या येत होती, त्याची दोस्तांत शोभा व्हायची. कॉलेजातल्या पोरांनी म्हणे एकाचं नावच ज्योत्स्ना ठेवलं. सगळ्यांनीच काही विकत घेतला नाही. तेवढी आशा चतुराबाईलाही नव्हती, तिनं घाटावर माणसं बघितली होती. पण घेणारे घ्यायला लागले, आणि रोज घ्यायला लागले.

होळीला पुरणाचा घाट चालला होता, तेव्हा सोमनाथ स्वयंपाकघरात डोकावला. पुण्याचं राहू दे आता, असं भिंतीकडं बघत म्हणाला. मग जरा घसा साफ करून नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "आई, चहा मिळेल का?"

"मिळेल," चतुराबाई म्हणाली. "आई म्हणालास म्हणून."

त्यानंतर काही दिवसांनी ती नाशिकरोडच्या बहिणीला भेटून निमाणी स्टँडला जाणाऱ्या बसनं परत येत होती. पुढच्या सीटवर दवाखान्याच्या कपड्यातली एक पोरगी बसली होती, कामावरून सुटलेली. तिनं फोन काढला, आणि गर्दीतून चतुराबाईला स्वतःचा आवाज ऐकू आला. ती ताठ झाली. द्वारका चौक मागं गेला. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं. पोरगी बरी खेळत होती, म्हाताऱ्यांना आधी नेत होती. कमरेला लागलं. चतुराबाईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली आणि कान पुढं केला. आता छातीला लागणार. ज्योत्स्नाला हाक आली असती, तर बस मधेच थांबवून या पोरीला चार शब्द सुनवायची तिची तयारी होती.

पाणी छातीला लागलं. "आता देवाचं नाव घे आणि धाव," फोन म्हणाला. ज्योत्स्नाला कुणी हाक मारली नाही.

विकत घेतलेला होता. दिवसभर दुसऱ्यांचं दुखणंखुपणं काढून स्वतःच्या पगारातून घेतलेला. चतुराबाईचा उतरायचा थांबा आला आणि गेला, ती हलली नाही. तेवढ्यात पोरगी चुकली आणि फोन कडाडला, "अरे मुडद्या, तराजू आधी उचल."

चतुराबाई पुढं वाकली.

"दरवेळी तेच सांगायला लागतं," ती म्हणाली. "तराजू आधी उचलायचा असतो, बाळा."

पोरगी गर्रकन वळली. तिनं एकदा फोनकडं बघितलं आणि एकदा म्हातारीकडं. चतुराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिला हवं तेवढं बघू दिलं.