साफ रिपोर्ट

जाहिदाला आता दमण्याचाही कंटाळा आला होता. नबीला दहा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यापासून पहाटेच्या झोपेत पोरीचा एक गाल उडायला लागायचा, तोंडातून लाळ गळायची, घशात घरघर व्हायची. डोळे उघडे, पण शब्द फुटायचा नाही. मग काय, नेरुळच्या त्या दोन खोल्यांत जाहिदा रोज रात्री तिच्या छातीवर हात ठेवून पडायची. पडायची म्हणजे झोपायची नव्हे. दिवसा भाकरी थापताना डोळे मिटायचे आणि तव्यावरची करपायची.

नवऱ्याचं, सादिकचं, तुर्भ्याला टाइल्सचं दुकान. तो म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ, होईल बरी." म्हणायला त्याचं काय जात होतं! कूस बदलली की घोरायला मोकळा. नातेवाइकांत तर जाहिदाने चकार शब्द काढला नव्हता. मुलीची जात; मिरगी म्हटल्यावर उद्या दारात कोण उभं राहणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

वाशीच्या डॉक्टर वैजयंतीबाईंनी डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला सांगितला. "केसांना तेल नको, आणि आदल्या रात्री तिला जागवा. मशीनवर झोप लागली पाहिजे," त्या म्हणाल्या. जाहिदाने मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. शाळेच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांना लवकर झोपवतात, मग मेंदूच्या परीक्षेला पोर तारवटल्या डोळ्यांनी न्यायची? रिपोर्ट वाईट आला म्हणजे? आईचं मन, त्याला कोण शहाणपण शिकवणार! तिने नबीलाला खजूर घातलेलं दूध पाजून लवकर निजवलं आणि दुआ मागितली, रेघा सरळ येऊ देत.

दुआ फळाला आली. मशीनवर नबीला टक्क जागी. मशीन चालवणाऱ्या पंढरीने दिवा मालवला, पडदे ओढले, पण डोक्याला लावलेल्या चिकट मलमाने तिला गुदगुल्या होत होत्या. शेवटी जेवढा निघाला तेवढा कागद त्याने आत पाठवला.

"साफ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अल्लाचा शुक्र! म्हणजे बरी झाली?"

"नाही हो. जागेपणी बऱ्याच मुलांचा कागद असाच येतो. मला ज्याची शंका आहे, त्यात झोपेत इथे टोकदार लाटा उमटतात." त्यांनी नबीलाच्या कानाच्या वर बोट टेकवलं. "त्या दिसल्या तर बरंच. तसले झटके मोठेपणी आपोआप थांबतात. नाही दिसल्या तर दुसरं काही शोधावं लागेल. रात्री जागवलं होतं ना?"

"नाय. मीच झोपवली. रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पुढची तारीख दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला बसमध्ये वाटत राहिलं.

पुढच्या खेपेला तिने पोरीला जागवलं. पत्ते खेळली, गोष्टी सांगितल्या, तोंडावर पाणी मारलं. "अम्मी, झोपू दे ना गं," म्हणून नबीला रडकुंडीला आली. जी बाई स्वतः झोपेसाठी तरसत होती, तीच पोटच्या पोरीला गदागदा हलवत बसली होती. आपल्या हातांचा तिला राग आला, पण हात थांबवले नाहीत.

मशीनवर डोकं टेकताच नबीलाचा डोळा लागला. कागद सरकत होता, त्यावर रेघा ओढणाऱ्या सुया शांत चालल्या होत्या. जाहिदा स्टुलावर बसून बघत राहिली. आणि एकदम दोन-तीन सुया उसळल्या, पुन्हा उसळल्या, कागदावर काटेच काटे.

"आल्या बघा ताई," पंढरी म्हणाला.

"अजून येऊ देत," जाहिदा पुटपुटली. "या अल्ला, अजून येऊ देत."

डॉक्टरबाई आल्या, त्यांनी कागद हातात धरून पाहिला. "तोच प्रकार आहे."

"म्हणजे जाईल?"

"बहुतेक जाईल. पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत गोळ्या, आणि तुम्ही."

अजून पाच-सहा वर्षं. जाहिदाने बोटांवर मोजून पाहिलं. एवढ्या रात्री काढायच्या होत्या अजून. पण आजवर त्या रात्रींना शेवट आहे, असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरीची झोप मोडू नये म्हणून तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि ढसाढसा रडली.